सासरा, सून आणि बुरान

“बुरान, मामंजींना सांग, आणखी वाट बघण्यात अर्थ नाही. तीन दिवस झाले,” उस्त्या म्हणाली.

येर्का म्हाताऱ्याने चहाची वाटी खाली ठेवली. “बुरान, सूनबाईला सांग, मला दिवस मोजता येतात. डोळे गेलेत, डोकं नाही.”

त्याचा मुलगा मिकुल चुकार रेनडियर वळवायला पायेर डोंगराकडे गेला होता. काम एका दिवसाचं.

सुनेने सासऱ्यापुढे तोंड झाकायचं आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही तिथली रीत. सासू होती तोवर निरोप तिच्यामार्फत जात. ती गेल्यावर, मिकुल तंबूत नसला की बुरानच्या नावाने भागत असे. कुत्र्याला इतका मान कुठे मिळाला नसेल.

“हल्ली भुंकत नाही लेकाचा,” म्हातारा पुटपुटला.

“बुरान, सांग त्यांना, वय झालंय म्हणावं. सगळेच काही म्हातारपणी बडबडत नाहीत.”

म्हातारा हसला, पण ते हसू टिकलं नाही. “चला, जुंपा गाडी.”

उस्त्याने त्याला स्लेजवर आपल्यामागे बसवलं. दुपारपर्यंत पायेरचा माथा ढगात गेला, मग पायथाही दिसेना.

“बुरान, त्यांना घट्ट धरायला सांग. डावीकडे कडा आहे.”

“कडा मला पाठ आहे. पोराच्या ध्यानात होता का, ते सांग.”

उस्त्याने लगाम आवळला. तिला भीती वाटत होती, आणि सासऱ्याच्या इतक्या जवळ रडायची लाजही.

खिंडीखाली मिकुलची स्लेज आडवी पडलेली सापडली. रेनडियर नव्हते, मिकुल नव्हता. पावलांवर बर्फ पडून गेलं होतं. तिने हाका मारल्या. वाऱ्यात त्या तिच्या तिलाच ऐकू येईनात.

म्हातारा उतरला. त्याने स्लेज चाचपली, रेनडियर जुंपायच्या दोराचं टोक बोटांत फिरवलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“सुरीने कापलाय! म्हणजे जिवंत होता. इथंच कुठंतरी बर्फात खड्डा करून बसला असेल. रात्र पडायच्या आत सापडला तर वाचेल. या धुक्यात हे माणसाचं काम नाही. बुरानला सोड. त्याच्याच भरवशावर तर निघालो आपण.”

उस्त्या जागची हलली नाही.

“अगं, सोड ना! बुरान, शोध! मिकुल कुठाय? शोध!”

उस्त्याने तोंडावरची शाल मागे सारली. आठ वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्याशी थेट बोलली.

“मामंजी, बुरान यंदाच्या पहिल्या बर्फातच मेला.”