अवॉर्डवाला मामा

भुईगावचा अँथनी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. बायकांच्या लग्नगीतांत मध्येच जॅझ घुसडायचा, म्हणून वीस वर्षं गावाचं एकच पालुपद होतं, "धड वाजव रे!" २००३ साली नेमक्या त्याच घुसडण्याला मुंबईत 'प्रयोगशील जॅझ'चा पुरस्कार मिळाला आणि अख्ख्या गावाला जॅझ कळू लागला.

महिन्याभरात भाचीचं लग्न निघालं. आता तरी मनासारखं वाजवता येईल, म्हणून अँथनी ट्रम्पेट चकचकीत करून थोरल्या बहिणीकडे गेला.

"तू स्टेजवर बसायचंस, फादरच्या शेजारी," तेरेसा म्हणाली.

"आणि वाजवणार कोण?"



"नालासोपाऱ्याचा बँड सांगितलाय. एवढ्या मोठ्या कलाकाराला लग्नात वाजवायला लावलं, तर लोक तोंडात शेण घालतील आमच्या!"