उजेडात बघून येते

"डोळे झाकून न्या," तात्यासाहेब म्हणाले.

"तरी जरा उजेडात बघून येते," म्हणत गिऱ्हाईक म्हणून आलेली राजनंदिनी आपला शालू आणि डाळिंबी ब्लाउजपीस घेऊन दुकानाच्या पायरीवर गेली. दोन्ही कापडं उन्हात धरली. मग पीस परत काउंटरवर ठेवून ती समोरच्या दुकानात शिरली.

तात्यासाहेबांनी तिच्या पाठीकडं जळफळत पाहिलं. औरंगपुऱ्यातलं त्यांचं मॅचिंग सेंटर तीस वर्षांचं. समोरचं रत्नमालाबाईंचं चार वर्षांचं. प्रत्येक ताग्याला, विकलेल्या प्रत्येक तुकड्याला ते स्वतःच्या हातानं रंगाचं नाव लिहून चिठ्ठी टाचत. एवढं नेटकं काम असूनही इथलं गिऱ्हाईक तिथं बसत होतं, आणि तिथलं कुणीही कापड घेऊन पायरीवर येत नव्हतं. हेच त्यांना अधिक खुपे. दिवाळीपर्यंत फरक पडला नाही, तर दुकान भाड्यानं द्यायचं असं घरी ठरलं होतं.

उजेड कमी पडतो, असा निष्कर्ष काढून त्यांनी आणखी दोन एलईडी ट्यूब बसवल्या. दुकान निळसर पांढरं लखलखलं. गिऱ्हाईक पायरीवर जातच राहिलं, आणि पायरीवरून समोर.

अखेर एका दुपारी तेच रस्ता ओलांडून गेले.

"बाई, माल आपण दोघंही सुरतेहूनच आणतो. मग भुरळ कसली घालता लोकांना?"

"भुरळ? बसा, तात्यासाहेब. वरचे दिवे बघा की."

"किती वॅटचे?"

"वॅटवर वीजबिल ठरतं, रंग नाय. खोक्यावर आणखी दोन आकडे असतात. केल्विन सांगतो, उजेड पिवळट की निळसर. तुमच्या ट्यूबा साडेसहा हजार केल्विनच्या, लई निळ्या. हे चार हजारांचे. दुसरा आकडा सीआरआय. कापडाचा रंग दिव्याखाली किती खरा दिसतो, त्याचे शंभरपैकी गुण. हे पंच्याण्णववाले. तिथं कमी पडलं, की कितीबी ट्यूबा लावा, वांगी अन् काळा एकच दिसतो."

तात्यासाहेबांनी मान वर केली. दिवे त्यांच्या दिव्यांहून मंद होते. त्यांच्याखाली डाळिंबी मात्र डाळिंबीच दिसत होता. मत्सर निवळला नाही. त्याला धार आली.

"चांगला वायरमन भेटला तुम्हाला. नशीब एकेकाचं."

"वायरमन नाय. आकडे मागून कळले. आधी दिवे हिनं पारखले." रत्नमालाबाईंनी टेबलाच्या खणातून कापडाची वीतभर पट्टी काढली. "ज्या दिव्याखाली हिचा रंग खरा दिसला, तोच घेतला. लेकीच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर ह्याच कापडाचं ब्लाउज शिवलं होतं. घेतलं तेव्हा दिवस मावळलेला, पायरीवर ऊन नव्हतं. दुकानदार म्हणाले, डोळे झाकून न्या. हळदीकुंकवाला भर अंगणात विहीणबाई हसल्या. लेक खाली मान घालून बसली. तवाच ठरवलं, आपण दुकान टाकायचं."

त्यांनी कात्री घेतली. पट्टी मधोमध कापून एक तुकडा तात्यासाहेबांच्या हातात दिला.

"असू द्या. दिवे घ्यायला जाल तेव्हा लागंल."

तुकडा वांगी रंगाचा होता. कोपऱ्यातली टाचणी गंजली होती. तिच्यातल्या चिठ्ठीवर तात्यासाहेबांच्याच वळणदार अक्षरांत लिहिलं होतं : काळा.