पवनेला भरती

करंजाच्या बुंध्याआड छबूबाई दबा धरून उभी होती. आपल्याच गावच्या नदीवर आपणच चोरासारखं लपायचं म्हणजे काय! पण इलाज नव्हता. समोर पवनेच्या काळ्या खडकांवरून तिची भाडेकरीण इंदू एकटीच चालली होती. डोक्यावर घागर नाही, काखेत धुणं नाही. नुसती चालत होती.

वैशाख लागल्यापासून रोज हेच. नवरा दत्तोबा दुपारपाळीला सायकलवरून पिंपरीच्या नव्या कंपनीत गेला, उन्हं कलली, की बाई निघाली नदीला. आता रावेतासारख्या गावात बिनकामाचं कोण चालतं? पारावर कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं कुणाला तरी भेटते, कुणी म्हणालं बाहेरचं लागलंय. शेवटी आज सकाळी छबूबाईच्या नवऱ्यानं, मारुतरावांनी, फर्मान सोडलं, "आपल्या घराला बोल नको. उद्या खोली खाली कराया सांग."

छबूबाईला पोर आवडायची. कोकणातून आलेली, बडबडी, ओसरीवर तिचं हसू नसलं की घर कसं सुनं वाटायचं. "आजचा दिस थांबा, मी सवता बघून येते," असं सांगून ती आली होती खरी. पण खरंच कुणी भेटायला आलं तर?

कुणीच आलं नाही. इंदूनं वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि पाण्यापासून लांब एका उंच खडकावर चढून त्या नीट ठेवल्या. मग अनवाणी खाली उतरली आणि पाण्याच्या कडेकडेनं या खडकावरून त्या खडकावर उड्या मारत निघाली. छबूबाईला राहवेना.

"अगं ए! काय हरवलं का?"

इंदू दचकली, मग हसली. "नाय ओ काकी."

"मग काय हुडकतीस?"

"काय नाय. फिरते आपली."

"नुसती?"

"नुसतीच."

छबूबाईनं कपाळावर हात मारला. हे आता घरी काय डोंबल सांगायचं? "आन् त्या चपला कशापायी एवढ्या वर नेऊन ठिवल्यास?"

इंदूनं वर पाहिलं आणि जीभ चावली. "भरती येते ना काकी. खाली ठेवल्या की जातात वाहून. आई लय ओरडायची. आता हात आपोआप वरच जातो."

"कसली भरती?"

मग इंदूनं खडकावर बसकण मारून सगळं सांगितलं. तिच्या गावाला असेच काळे कातळ, फक्त पलीकडं काठ नाही, नुसता समुद्र. उन्हाळ्यात संध्याकाळची ओहोटी लागली की बायका-पोरी कातळावर उतरायच्या. शिंपल्यांतली थोडी कालवं काढायच्या नि जास्त हुंदडायच्या. आणि मग गेलेलं पाणी परत यायचं, पार वरपर्यंत. दिवसातून दोनदा.

"दोनदा?" छबूबाईचे डोळे मोठे झाले. शेताला पाणी द्यायचं तर वाफ्या-वाफ्याला उभं राहून दारं धरावी लागतात, हे ती लहानपणापासून बघत आलेली. "आन् मग दारं कोन धरतं?"

इंदू इतकी हसली की खडकावरून पडता पडता वाचली. छबूबाईही हसली. हसता हसताच इंदूचे डोळे भरून आले.

"इथलं पाणी रोज थोडं थोडं मागंच जातं, काकी. परत येतच नाय. मला ना, घरची लय आठवण येते. खोलीत जीव रमत नाय. इथं चालून आलं की बरं वाटतं, मग रात्रीच्या भाकऱ्या पण नीट होतात."

"अगं वेडे, मग सांगायचं न्हाई व्हय?" छबूबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले. जरा खसकनच पुसले, कारण स्वतःचेही पुसायचे होते. "ऊठ. दाव मला कसं फिरत्यात ते."

आपल्या कोऱ्या वहाणा तिनं काढल्या, पाण्याच्या कडेला ठेवल्या, पुन्हा उचलल्या आणि धापा टाकत वर चढून इंदूच्या चपलांशेजारी नेऊन ठेवल्या.

पहिल्यांदा पाय भाजले, मग घसरले, मग जमलं. छबूबाई जन्मभर या नदीवर आलेली, पण धुणं घेऊन. नदी तिनं कंबर वाकवूनच पाहिली होती. आज ताठ उभं राहून पाहिलं तर खडकात पाण्यानं कोरलेले रांजण दिसले, डोहावर सूर मारणारा खंड्या दिसला. हे सगळं इथंच होतं? तिला मोठी मौज वाटली. एका खडकावरून तर तिनं लुगडं सावरून चक्क उडी मारली.

तेवढ्यात मारुतराव बैलं पाण्यावर घेऊन आले. वहाणा कडेला काढून ते पाय धुवायला वाकले आणि तसेच थबकले.

"अगं ए! काय हरवलं का?"

"न्हाई वं! फिरतुया आमी!"

"फिरतुया?"

"व्हय! उद्या बी येनार हाय. पोर कुटं बी जायाची न्हाई, खोली बी खाली व्हायाची न्हाई! आन् त्या वहाणा वर ठिवा आदी. भरती येतीया!"

मारुतरावांनी नदीकडं पाहिलं. बैलांचे गुडघेसुद्धा भिजत नव्हते. आभाळाकडं पाहिलं. मग खडकावर कमरेला पदर खोचून उभ्या राहिलेल्या बायकोकडं पाहिलं. इंदूनं तोंडात पदर कोंबला.

मारुतराव पुन्हा वाकले. त्यांनी वहाणा उचलल्या आणि वरच्या खडकावर ठेवल्या. मग पुन्हा एकदा पाण्याकडं बघून त्या आणखी एक खडक वर नेल्या.