उजवं बटण

ताईने दार उघडलं ते हातात चिमटा घेऊनच. भाऊ तिची सायकल न्यायला आला होता. तसं दोघांत ठरलंच होतं, या रविवारपर्यंत ताईला तिचे गिअर बसवणं जमलं नाही तर सायकल त्याच्या मुलीला द्यायची. पोरगी उंचीला आता आत्याएवढी झाली होती आणि घरी वाट बघत होती.

"रविवार अजून संपलेला नाही," ताई म्हणाली आणि पुन्हा टेबलाशी जाऊन बसली.

ती कानाची यंत्रं दुरुस्त करायची. नखाएवढे स्क्रू, केसाएवढ्या तारा, भिंगाचा दिवा, असा तिचा संसार त्या टेबलावर मांडलेला असे. आज त्या पसाऱ्यात सायकलचं ब्रेक-गिअरचं उजवं लिव्हर पोट उघडून पडलं होतं. सायकल खिडकीपाशी स्टँडवर टांगलेली होती.

सायकलवरून पडल्यापासून तिच्या उजव्या मनगटात धातूची पट्टी होती. ब्रेक ओढायला अडचण नव्हती, बोटं आत वळत होती. पण जुने गिअर बदलायला लिव्हर जोर लावून आडवं ढकलावं लागे, आणि ते मनगटाला अजिबात मंजूर नव्हतं. चढावर ती एकाच गिअरमध्ये अडकायची आणि शेवटी उतरून चालायची. बॅटरीवरचे गिअर बसवले तर नुसतं बोट टेकवून भागलं असतं. फक्त नव्या संचाच्या किमतीत आणखी एक सायकल आली असती. भावाने पैसे देऊ केले, ते तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चेन या चक्रावरून त्या चक्रावर सरकवणारा मागचा डिरेलर तिने कुणाचा तरी वापरलेला मिळवला. लिव्हरची जोडी दुसरीकडून आणली, जवळपास फुकटात, कारण त्यातलं उजवं बंद होतं. पुढच्या गिअरला तर तिने फाटाच दिला. पुढे एकच लहान चक्र ठेवलं, बदलायचं ते सगळं मागे.

"उतारावर पाय नुसते हवेत फिरतील," भावाने शंका काढली.

"उतारावर पाय मारायचेत कुणाला?"

मग त्याने सुचवलं की डावं तर चालतंय, त्यावरच भागवावं. ताईने न वैतागता समजावलं. डावं बटण गिअर हलका करतं, उजवं जड. नुसत्या डाव्यावर एकदा हलका झालेला गिअर परत येणारच नाही.

भाऊ पोहायला शिकवायचा. कुणी बुडू नये म्हणून काठावरून डोळ्यांत तेल घालून बघत राहणं हाच त्याचा धंदा, आणि बहिणीशीही तो तसाच वागे. तो हळू आवाजात बोलत राहिला. पोरगी सायकल जपेल, ताईने संध्याकाळी चालायला जावं, पुन्हा पडली तर काय. ताईचा डोळा भिंगावरून हलला नाही. बटणाखाली घामाचं मीठ साठून वीज पोचवणाऱ्या पितळी पत्रीवर हिरवट थर चढला होता. कानाच्या यंत्रांत ती रोज हेच बघायची. माणसाला घाम येतो, यंत्र मुकं होतं, आणि घरचे म्हणतात, संपलं.

तिने थर खरवडला, स्पिरिटने पुसला. पत्रीचा एक पाय तुटला होता. मनगट टेबलाच्या कडेला टेकवून तिने तुटल्या जागी कथलाचा डाग दिला, बॅटरी घातली आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

भाऊ उठला. सायकलपाशी गेला आणि ती स्टँडवरून काढायला त्याने सीटखाली हात घातला.

"खाली ठेवू नकोस," ताई म्हणाली. "डाग धरला नाहीये. परत देते."

तिने झाकण पुन्हा उघडलं. डिंकासारखा ओघळलेला डाग काढून टाकला, डाग द्यायची सळई जरा जास्त तापू दिली आणि श्वास रोखून टोक टेकवलं. या वेळी बटण दाबताच हिरवा ठिपका उजळला. भावाचा हात सीटखालीच राहिला. ताईने त्याला पेडल फिरवायला लावलं. ती बटणं दाबत गेली तशी चेन मागच्या चक्रांवरून चढली आणि उतरलीही. सगळ्यात मोठ्या चक्राशी चेन जरा जास्तच आत झुकली, तेव्हा ताईने डिरेलरला अडवणारा स्क्रू किंचित पिळला. नाहीतर चेन थेट चाकाच्या तारांत गेली असती.

लिव्हर हँडलला बसवायला आणि ब्रेकची केबल ओढायला भावाचेच हात लागले. ते झाल्यावर त्याने घरी फोन करून मुलीला सांगितलं की आत्याची सायकल आत्यालाच लागणार आहे. ताईने मागून निरोप दिला, काढलेले जुने गिअर तिचे, ते बसवायला फ्रेम आपण मिळून शोधू.

दोघं आपापल्या सायकलींवर गावाबाहेरच्या चढाला लागले. भाऊ सवयीने पुढे राहिला आणि सवयीनेच हळू चालवू लागला, मान वळवून वळवून बघत. पहिल्या वळणावर ताई हलक्या गिअरमध्ये, बसल्या जागी, एका लयीत येत होती. दुसऱ्या वळणाला त्याने मागे बघितलं तर रस्ता रिकामा होता. ती दुसऱ्या बाजूने त्याच्या खांद्याशी आली होती.

"ताई, दमशील," तो म्हणाला.

तिने उजव्या बोटाने बटण दाबलं, गिअर जड केला आणि पुढे निघाली.

"दमले की सांगेन. तू मागून ये."

तो मागून आला. वळण पार करून बघितलं तेव्हा ती पुढच्या वळणाआड निघून गेली होती.