विहिरीचा अहवाल

चार वर्षं प्रयोगशाळेत खपून नूतनने भाताच्या तुसापासून कार्बनचे अतिसूक्ष्म कण बनवले. स्वच्छ पाण्यात टाकून जांभळ्या दिव्याखाली धरले की ते निळे चमकत. पाण्यात पारा असला की विझत. रोह्याजवळच्या आपल्या गावात, भर ग्रामसभेत, पाणीखात्याच्या साहेबांसमोर तिने हे कण घातलेल्या, निळ्या चमकत्या बाटलीत विहिरीचं पाणी ओतून ते तपासलं. बाटलीतली निळाई बघता बघता विझली.

"म्हंजे इतकी वर्सं आमी इख पितोय व्हय गो?" शेजारच्या कृष्णाबाईंनी विचारलं. नूतनने होकारार्थी मान हलवली.

साहेबांनी सगळं लिहून घेतलं, तिच्या हुशारीचं तोंडभर कौतुक केलं. आठवड्याने त्यांचा अहवाल पंचायतीच्या फळ्यावर लागला:


"विहिरीच्या पाण्यात चमकणारा कोणताही पदार्थ आढळला नाही. पाणी पिण्यास योग्य आहे."