पाहुण्यांचा ढोल

फाटकातून ढोल आत येताना दिसले आणि हर्षालीच्या जिवात जीव आला. गोदा रेंजर्स या नव्या फुटबॉल टीमची घरच्या मैदानावरची पहिली मॅच कधीच सुरू झाली होती, आणि फुकट वाटायला आणलेले जांभळे टी-शर्ट अजून खोक्यांतच पडून होते. पायऱ्यांवर माणसं नव्हती असं नाही. पण ती आली होती तोंडसुख घ्यायला. "लाथा मारायला एवढं ग्राउंड लागतं होय रे? घरी मारा की!" कोणीतरी ओरडलं आणि सगळ्या पायऱ्या खिदळल्या.

क्लबने तिला नेमलं होतं ते नाशिककरांना या टीमचं वेड लावायला. नाही जमलं तर पुढच्या वर्षी टीम दुसऱ्या शहरात जाईल, असं मालकांनी तोंडावर सांगितलं होतं. नाशकात माणूस घराबाहेर काढायचा तर ढोल हवा, हे इथल्या पोरीला कोणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून ती मैदानामागच्या गल्लीत गेली, ढोल पथकाच्या झुंबरकाकांच्या हातात नारळ दिला आणि वाजवायला या म्हणाली. "येऊ की," काका म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले, की तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. दर वर्षी गणपतीआधी पथकाचा सराव याच मैदानावर चालायचा. यंदा गवत खराब होतं म्हणून क्लबने फाटकाला कुलूप घातलं, आणि तसं सांगायला गल्लीत पाठवलं ते हर्षालीलाच.

पथक जांभळ्या झेंड्यांसमोरून सरळ पुढे गेलं. पलीकडच्या कोपऱ्यात मालेगावच्या टीमबरोबर आलेली पंधरावीस माणसं उभी होती, त्यांच्या शेजारी जाऊन थांबलं. काकांनी टिपरू उचललं. मालेगावच्या खेळाडूकडे चेंडू गेला की ढोल घुमायचा, रेंजर्सकडे आला की चिडीचूप. मालेगावकर आधी बावरले, मग त्यांच्यातले एक दाढीवाले चाचा चक्क नाचायला लागले. पायऱ्यांना तर ऊतच आला. आपल्याच गावाच्या टीमला शिव्या द्यायला असा ताल मिळाल्यावर मागे कोण राहतो?

हर्षाली धावत तिकडे गेली. "काका, हे काय चाललंय? मी आपल्यासाठी बोलावलं होतं तुम्हाला!"

"वाजवायला बोलावलं होतंस. वाजवतोय."

"मालेगावसाठी?"

"पाहुणे हायेत ते. पाहुणा दारात आला की वाजवून आत घ्यायचा, ही रीत हाय आपली." काकांनी टिपरू खाली केलं नाही. "घरच्यांसाठी बी वाजवलं असतं गं. पण आम्ही घरचे राहिलो कुठं? घराला तर तुम्ही कुलूप लावलं."

तिला संताप आला. काका खरं बोलत होते म्हणून जास्तच आला. "आणि रुद्र? तो पण परका का?"

काकांनी मान वळवून मालेगावच्या खेळाडूंकडे नजर लावली. रुद्र त्यांचा धाकटा मुलगा. काल-परवापर्यंत पथकात त्यांच्या उजव्या हाताला उभा राहायचा, आता रेंजर्सकडून खेळत होता. कुलूप लागलं त्या दिवसापासून बापलेकांत बोलणं बंद होतं.

मॅच संपत आली तेव्हा त्याच रुद्रला चेंडू मिळाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं आणि गोलकीपरच्या बाजूने चेंडू जाळ्यात. पहिला गोल! हात पसरून तो पळत सुटला, तो थेट ढोलांकडे. आनंद झाला की तिकडेच धावायची सवय होती त्याला लहानपणापासून. बापासमोर येऊन तो धापा टाकत थांबला आणि मग त्याला आठवलं असावं, की हे ढोल आज आपले नाहीत.

 टवाळी करणाऱ्या पायऱ्याही आता बापलेकांकडेच बघत होत्या. पथकातल्या एकाचं टिपरू आपोआप वर गेलं. काकांनी नुसतं बघितलं तसं ते खाली आलं.

"काका," हर्षाली हळूच म्हणाली, "रुद्रने गोल केला."

"दिसलं मला. डोळे शाबूत हायेत माझे."

त्यांनी मुलाकडे नीट, डोळे भरून पाहिलं. मग त्याच्याकडे पाठ केली आणि पथकाला म्हणाले, "वाजवा रे मालेगावसाठी. वाईट वाटलं असंल पाहुण्यांना."