दाण्यांची परीक्षा

काकूच्या परसात कोंबड्या सहा आणि कोंबडे पाच. पाच नरांच्या सततच्या चढाईने बिचाऱ्या कोंबड्यांच्या पाठीवर औषधालाही पीस उरलं नव्हतं.

"एकच ठेवायचा, बाकीचे पातेल्यात," काकू म्हणाली.

"पण कुठला?" काका म्हणाले.

"परीक्षा घेते की!" असं म्हणून तिने मूठभर दाणे फेकले. चार दांडगे असे तुटून पडले, की दाण्यांबरोबर परसातले खडेही संपले. पाचवा मरतुकडा मात्र एक दाणा चोचीत धरून कुक्कुक् करत राहिला, आणि कोंबड्या धावत आल्यावर तो त्यांच्यापुढे टाकून बाजूला झाला.

"हा राहील," काकू सुरीला धार लावत म्हणाली. "बायकांना हाक न मारता गिळणारा नर माझ्या दारात नको."

दुपारी पहिल्या दांडग्याचं पातेलं उतरलं. काकांनी नेहमीसारखी आधी आपली तंगडी उचलली, तोंडाशी नेली, आणि त्यांची नजर ओट्यावरच्या सुरीवर गेली. तंगडी मुकाट्याने काकूच्या ताटात ठेवून, लग्नानंतर पहिल्यांदाच, त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली, "अहो, ऐकलंत का? जेवायला या ना!"